काकांचं लॉन आणि आमचे पाय

माझ्या पायांकडे आयुष्यात इतकं लक्ष फक्त एकाच माणसाने दिलं. शाळेत लोकांनी माझ्या मार्कांकडे बघितलं, ऑफिसात कामाकडे, आणि अलीकडे सगळे कमी होत चाललेल्या केसांकडे बघतात. पायांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती कसर कॅनडातल्या केंब्रिजमधल्या आमच्या घरमालकांनी भरून काढली.

आम्ही नवरा-बायको पुण्याहून कॅनडात आलो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेलो. टॅक्सीतून बॅगा काढल्या, आणि आता या घरापुढे पहिलं पाऊल टाकावं म्हणून मी पाय उचलला, तर वरच्या खिडकीतून आवाज आला, "पाय!" मी दचकून खाली बघितलं. साप वगैरे असेल असं वाटलं. खाली काहीच नव्हतं. कंगव्याने भांग पाडावा तसं नीट कापलेलं हिरवंगार गवत होतं आणि त्याच्यावर अधांतरी माझा बूट. "मागे घे," खिडकी म्हणाली. मी पाय मागे घेतला. मग दार उघडून एक बुटके, गोल चष्म्याचे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी वाकून गवताची ती जागा तपासली, खात्री करून घेतली आणि मगच माझ्याकडे बघून अगदी मनापासून हसले. "या, या! पुणेकर ना? प्रवास कसा झाला?"

हे आमचे काका. मूळचे नागपूरचे. केंब्रिजला मोटारी बनवायचा मोठा कारखाना आहे, तिथे ते रंग तपासायच्या खात्यात होते. नव्या गाडीच्या रंगात केसाएवढी रेघ राहिली, टाचणीच्या टोकाएवढा फुगवटा राहिला, तर तो शोधून काढायचा. दिवसभर हे काम करून आलेला माणूस घरी आल्यावर डोळे मिटून पडेल असं कोणालाही वाटेल. काका घरी येऊन लॉन तपासायचे. लॉनशेजारी गाडी लावायच्या ड्राइव्हवेवर पोटावर आडवं व्हायचं, गाल जमिनीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि गवताच्या शेंड्यांवरून नजर फिरवायची. कुठे एखादी काडी वर आली असेल तर ती तिथूनच हात लांब करून कात्रीने कापायची. माझ्या बायकोने त्यांना असं पडलेलं पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना अटॅक आला असं समजून ती किंचाळत धावली, आणि घाईत साहजिकच लॉनवरून धावली. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी फक्त काकूंच्या मार्फत बोलत होते.

एरवी काका शहरी नागपुरी बोलत. पण लॉनचा विषय निघाला की त्यांचा जीव गुंतायचा आणि आजोळचं 'मले-तुले' बाहेर पडायचं. एकदा मी बोलता बोलता "तुमचं गवत छान आहे" असं म्हणालो. माझ्या मते ते कौतुक होतं.

"गवत नको म्हणू बे," काका म्हणाले. "गवत आपोआप येते. लॉन आणा लागते."

लॉनचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते समजायला मला वर्ष गेलं. आपल्याकडे लॉन म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. गावाबाहेर मोठी कमान, कमानीवर कोणाच्या तरी आजोबांचं नाव आणि त्यापुढे 'लॉन्स'. तिथे लग्नं लागतात, पंगती उठतात, नवरदेवाचे मित्र नाचतात. काकांचा जन्म जवळजवळ अर्धा कॅनडात गेला होता, पण त्यांच्या डोक्यातला शब्दाचा अर्थ काही बदलला नव्हता. शेजाऱ्यांच्या लेखी लॉन म्हणजे घरापुढची हिरवळ. काकांच्या लेखी लॉन म्हणजे लग्नाची जागा, जी सध्या रिकामी आहे.

त्यांचं स्वतःचं लग्न नागपुरात लॉनवर लागलं होतं. तेही ऐन मे महिन्यात. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने लॉन ठरवलं, काका घोड्यावरून उतरले, हिरव्यागार जमिनीवर पाय ठेवला, आणि ते कार्पेट निघालं. खालचं गवत उन्हाने कधीच करपून गेलं होतं. मालकाने वरून हिरवं कार्पेट अंथरलं होतं. काकांनी ही फसवणूक विसरायची नाही असं तिथेच ठरवलं असावं. संसारातलं कुठलंही भांडण, मग ते भाजीत मीठ जास्त पडण्यावरून का सुरू होईना, शेवटी कार्पेटपाशी यायचं. "तुझ्या बाबांनी कार्पेट टाकलं होतं," असं काका म्हणाले की काकू पदर खोचून म्हणायच्या, "आणि तुम्ही त्यावर झोप काढली होती दुपारी, ते सांगा की!"

"माझ्या लग्नात लॉन खोटं होतं," काका मला म्हणाले होते. "पोरीच्या लग्नात खरं पाहिजे. आपल्या दारातलं."

"पण काका, लग्नाला माणसं येणार. माणसांना पाय असतात."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या अडचणीचा त्यांनी आजवर विचारच केला नव्हता हे मला स्पष्ट दिसलं. "पाहू," म्हणाले आणि आत गेले.

थंडीत तरी आपली सुटका होईल अशी माझी आशा होती. लॉन गुडघाभर बर्फाखाली गेल्यावर त्यावर पाय पडला काय आणि न पडला काय. पण काकांच्या मते लॉनला खरं जपायचं ते बर्फाखालीच. "झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चालतो का आपण?" असं ते विचारत. पहिला बर्फ पडायच्या आत ते लॉनच्या कडेने क्रिकेटचे जुने स्टंप ठोकून ठेवत, म्हणजे पांढऱ्या चादरीखाली हद्द कुठे आहे ते कळावं. कॅनडात ड्राइव्हवे शोव्हल करणारा प्रत्येक माणूस फावड्यातला बर्फ आपल्याच लॉनवर फेकतो. दुसरीकडे टाकणार कुठे? आमच्याकडे तशी सोय नव्हती. बर्फाचा ढीग पडला की खालचं लॉन दबतं आणि त्याला बुरशी धरते. म्हणून मी बर्फ ढकलगाडीत भरायचा आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात नेऊन ओतायचा. सगळ्या गल्लीत बर्फाची वाहतूक करणारा मी एकटाच होतो. शेजारचे म्हातारे पोर्तुगीज आजोबा खिडकीत कॉफी घेऊन बसत आणि माझ्या फेऱ्या बघत.

मीठ टाकायलाही बंदी. बर्फ वितळायला सगळे मीठ पसरतात, पण मिठाने लॉनची कड जळते. आम्ही वाळू टाकायचो. वाळूचा आणि माझा एकदा मेळ जमला नाही आणि मी ड्राइव्हवेवर सपशेल आडवा झालो. काका बनियनवरच धावत आले.

"कुठे पडला बे?"

"कंबरेवर, काका."

"तसं नाही. कुठल्या बाजूला?"

मी ड्राइव्हवेकडे बोट दाखवलं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग मात्र त्यांनीच मला धरून घरात नेलं, काकूंकडून हळद-दूध करवलं, गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं आणि पुढचा महिनाभर मला फावड्याला हात लावू दिला नाही. बर्फाच्या फेऱ्या स्वतः मारल्या. माणूस म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागाच नव्हती. फक्त त्यांच्या मनात लॉन पहिलं, कुटुंब दुसरं आणि तिसऱ्या नंबरवर आम्ही होतो, आणि एवढ्या परक्या देशात कोणाच्या मनात तिसरा नंबर मिळणं ही काही थोडी गोष्ट नाही.

जिरेभाताची गोष्ट सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. बेसमेंटमध्ये आमच्या ओट्याशेजारी एक शेल्फ होतं आणि त्यावर काकूंच्या सामानाच्या बरण्या असत. "लागेल ते घेत जा गं," असं काकूंनी माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं. एकदा आम्ही काका-काकूंना जेवायला बोलावलं. बायकोने वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि जिरेभात केला. काका हौसेने जेवायला बसले. भाताचा पहिला घास घेतला, चावला, थांबले. दुसरा घास घेतला. मग भातातला एक दाणा उचलून चष्म्यापाशी नेला.

"बेटा, हे जिरं कुठून घेतलं?"

"शेल्फवरच्या मोठ्या बरणीतून. का हो, खवट लागतंय का?"

काकांनी डोळे मिटले. "फेस्क्यू आहे," ते हळूच म्हणाले. "सावलीतल्या लॉनचं बी आहे ते. तुपात तळलं तुम्ही."

काकू हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. बायकोचा चेहरा उतरला आणि ती ताटं उचलायला लागली, पण काकांनी स्वतःचं ताट सोडलं नाही. असं महागाचं बी टाकून द्यायचं नसतं म्हणून त्यांनी भात शेवटच्या शितापर्यंत संपवला. त्यानंतर पोर्तुगीज आजोबा काकांना कुंपणावरून नेहमीप्रमाणे टोमणा मारत की, घरापुढे टोमॅटो लावायचे सोडून गवत कसलं लावतोस, गवत काय खाता येतं? तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसू दाबायचो.

काकांची एकुलती एक मुलगी रेवा हॅलिफॅक्सला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. तिथेच काम करणारा, तिथलाच एक उंच, अबोल मुलगा तिने पसंत केला आणि आई-बाबांना दाखवायला आणला. भर थंडीत दोघं लांबून गाडी चालवत आले. रस्ता कुठला, ड्राइव्हवे कुठला, सगळंच पांढरं. स्टंप म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? भावी जावयाने गाडीची दोन चाकं थेट लॉनवर चढवून ब्रेक मारला. दोन स्टंप आडवे झाले. काका खिडकीत होते, पण "पाय!" म्हणायची सोय नव्हती, कारण ते पाय नव्हते.

रात्रीची जेवणं झाल्यावर काकूंनी विचारलं, "कसा वाटला हो पोरगा?"

"टायर विंटरचे होते," काका म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे खोल गेले."

सकाळी आम्ही बघतो तर तो सहा फुटी मुलगा ड्राइव्हवेवर गुडघे टेकून, हात लांब करून, चाकांनी दाबलेला बर्फ बोटांनी मोकळा करत होता. लॉनवर त्याने तळहातसुद्धा टेकवला नव्हता. रेवाने त्याला सगळं समजावून सांगितलं असावं. काका बराच वेळ खिडकीतून बघत राहिले आणि मग आत येऊन काकूंना म्हणाले, "त्याला पोहे दे. गरम दे." लग्न ठरलं ते असं.

जूनमधला मुहूर्त निघाला. रेवाला मुळात लॉनचं काही नव्हतं. "बाबा, इट्स अ फ्रंट यार्ड," ती म्हणायची. पण बाबांची हौस तिला माहीत होती आणि ती हौस मोडायची तिची इच्छा नव्हती. तेव्हा लग्न दारात, लॉनवर, हे पक्कं झालं. आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळला.

बर्फाखालून जे निघालं ते बघून मलाही वाईट वाटलं. लॉनभर राखाडी, चिकट, बशीएवढे गोल डाग पडले होते. हिवाळा लांबला की गवताला बर्फाखाली ही बुरशी धरते. काका कडेला उभे राहून म्हणाले, "टक्कल पडलं बे. पोरीच्या लग्नात बापाच्या लॉनला टक्कल." त्यांनी हॅलिफॅक्सला फोन केला आणि मुहूर्त ऑगस्टवर ढकलला. ऑगस्ट म्हणताच गुरुजींनी चातुर्मासाची आठवण करून दिली. आमचे गुरुजी आठवडाभर बँकेत नोकरी करत आणि शनिवार-रविवारी लग्नं लावत. ते म्हणाले, आता एकदम तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात. काका खूश झाले. सप्टेंबरात नवं बी टाकलं की नोव्हेंबरपर्यंत लॉन तयार होतं. थंडीचं काय, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "स्वेटर घालतील लोक." तिकडे जावयाच्या घरच्यांनी विमानाची तिकिटं बदलून घेतली. रेवा फोनवर एवढंच म्हणाली, "लास्ट टाइम, बाबा."

ऑक्टोबरात लॉन असं झालं होतं की रस्त्याने जाणारे लोक थांबून बघत. आणि मग एका सकाळी काकांची हाक ऐकून आम्ही वर धावलो. लॉन नांगरून ठेवल्यासारखं उलथंपालथं झालं होतं. खाली मुळं खाणारी हुमणी झाली होती आणि ती खायला रात्री स्कंक आला होता. मांजराएवढा काळा-पांढरा प्राणी, दिसायला गोंडस आणि वासाला भयंकर. त्याने नखांनी सगळी हिरवळ सोलून काढली होती. काका मातीच्या एका ढेकळातली पांढरी अळी चिमटीत धरून बसले होते. "हुमणी, बाप्पा! इथं येऊन राहिली," एवढंच ते म्हणत होते.

त्याच दुपारी त्यांनी रेवाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि आम्हीही तिथेच होतो.

"बेटा, मी काय म्हणून राहिलो, पुढचा मे धर. मेमध्ये लॉन एकदम..."

"नो, बाबा."

"ऐक तर खरं."

"नो. आय अ‍ॅम मॅरिइंग अ पर्सन, नॉट अ लॉन. वी आर डन मूव्हिंग डेट्स. आम्ही इथेच सिटी हॉलमध्ये करतो. यू अँड आई कॅन फ्लाय डाउन."

"तिथं लॉन आहे?" काकांनी विचारलं. पण तोपर्यंत तिने फोन ठेवला होता.

काकूंचा संयम संपला. "लॉन तयार नाही, लॉन तयार नाही! लॉन कधीचं तयार झालं. हा माणूस तयार नाही. पोरगी जाऊन राहिली म्हणून जीव कासावीस होते, ते तोंडानं म्हणायचं नाही, अन् जीव नेऊन गवतात अडकवायचा!"

गवत म्हटलं तरी काकांनी दुरुस्ती केली नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

रविवारी ते बेसमेंटमध्ये आले आणि आमच्या सोफ्यावर बसले. शेल्फवरच्या बरणीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बायकोने चहा दिला. तो तसाच हातात धरून ते बोलायला लागले.

"हे घर घेतलं ना, तेव्हा ती रांगत होती. समोर नुसतं गवत होतं. आडवंतिडवं. त्यावर भल्ली रांगायची बाप्पा, हिरवे गुडघे घेऊन घरात यायची. मग ती चालायला लागली आणि मी लॉन लावलं. मी 'पाय' म्हटलं की जागच्या जागी थांबायची. एवढीशी होती, एक पाय वर धरून उभी राहायची." त्यांनी चहाकडे बघितलं. "आता मी किती म्हटलं तरी थांबून नाही राहिली."

माझ्या बायकोने विषय बदलायला म्हणून विचारलं, "मग काका, आता त्या खड्ड्यांचं काय करणार?"

"काय करणार? नोव्हेंबरात बी टाकायचं," काका कसंनुसं म्हणाले. "थंडीत ते उगवत नाही, नुसतं झोपते. वरून बर्फ पडते. बर्फ गेला की मग उठते."

"नुसतं टाकायचं?"

"नुसतं कसं? वारा नेते, पाखरं खातात. मातीत दाबा लागते. रोलर फिरवा लागते, नाही तर..."

ते थांबले.

"नाही तर काय?"

"पायानं," काका म्हणाले. आणि मान वळवून त्यांनी आमच्या चारही पायांकडे असं काही बघितलं, की आम्ही नकळत ते सोफ्याखाली घेतले.

चहा तसाच टाकून काका जिना चढले. फोनवरचं त्यांचं बोलणं आम्हाला खालपर्यंत ऐकू आलं. लग्न ठरलेल्या दिवशीच, दारातच, आणि लोक लॉनवरच उभे राहतील. फोन स्पीकरवरच होता, त्यामुळे रेवाचंही ऐकू आलं.

"यू वॉन्ट पीपल टु स्टेप ऑन इट?"

"हौ."

"ऑन द लॉन?"

"हौ म्हटलं ना! जेवढे येतील तेवढे पाहिजेत."

"बाबा," रेवा हळूच म्हणाली, "आर यू ओके?"

मग सुरू झाली आमंत्रणं. आधी काकांनी पाहुण्यांची संख्या छाटून छाटून घरातल्यांवर आणली होती. आता ते ग्रोसरीच्या दुकानात भेटलेल्या माणसालाही बोलावत सुटले. कारखान्यातली अख्खी पाळी, मराठी मंडळ, पोर्तुगीज आजोबा आणि त्यांचे चर्चमधले दोस्त. राहता राहिल्या अक्षता. तांदूळ टाकले की कॅनडाचे हंस उतरणार आणि सगळ्याची घाण करणार. तेव्हा अक्षतांच्या जागी लॉनचं बी, असं काकांनी जाहीर केलं. गुरुजी फोनवर कळवळले.

"अहो, अक्षता तांदळाच्याच लागतात."

"गुरुजी, अक्षत म्हणजे काय?"

"अखंड. न तुटलेलं."

"तुमचा तांदूळ गिरणीत घासून येते. पेरला तर उगवते?"

"नाही उगवत."

"माझं उगवते. आता सांगा अखंड कोणतं?"

गुरुजी बँकेत कर्जाचे अर्ज तपासत. इतका बिनतोड अर्ज त्यांच्यापुढे कधी आला नसावा. "चार दाणे तरी तांदूळ मिसळा हो," ते म्हणाले, "म्हणजे माझ्याही मनाला बरं." तेवढ्यावर तडजोड झाली आणि काकूंनी बियाण्याला हळद-कुंकू लावलं.

लग्नाच्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. शालूंवर विंटर जॅकेटं चढली होती, आणि होमाभोवती लोकांनी एवढी दाटी केली होती की इतका भाविक समाज गुरुजींनी कधी पाहिला नसेल. काका फेटा बांधून ड्राइव्हवेवर उभे राहून पाहुण्यांना हाकत होते. "त्या कोपऱ्यात कोणीच नाही! मंडळवाले, तिकडे सरका! उभे राहू नका, चाला, चाला!" मंडळाच्या लेझीम पथकाला त्यांनी नेमकं खड्ड्यांवर नाचवलं. पोर्तुगीज आजोबा रबरी बूट घालून आले होते आणि इतक्या वर्षांचं साठवलेलं पायांनी काढत होते. जावयाची आजी व्हीलचेअरवर होती. तिची चाकंही काकांनी कडेवरून सांगून दोनदा आडवी-उभी फिरवून घेतली.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला मुठीमुठींनी बी उडालं. ते तांदळाएवढं जड नव्हतं, त्यामुळे वाऱ्यावर तरंगत लोकांच्या केसांत, टोप्यांत, जॅकेटांच्या फरमध्ये जाऊन बसलं. माझ्या शेजारच्या बाई तळहात हुंगून म्हणाल्या, "शहाजिरं आहे का हो?" माझी बायको दुसरीकडे बघायला लागली. अंतरपाट खाली झाला आणि सगळ्यांनी उरलंसुरलं बी नवरा-नवरीवर उधळलं.

कन्यादानाला गुरुजींनी वधूपित्याला हाक मारली. सगळं गाव लॉनवर होतं आणि काका मात्र अजून कडेलाच. एक पाय उचललेला, आणि तो खाली काही येईना. इतक्या वर्षांची सवय. शेवटी काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि सरळ आत ओढलं.

निरोपाची वेळ झाली. जावयाने गाडी लॉनपासून पार लांब, रस्त्याच्या पलीकडे लावली होती. रेवा काकूंच्या गळ्यात पडली, मग बाबांच्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी काका ड्राइव्हवेवर आडवे झाले आणि त्यांनी गाल जमिनीला टेकवला. लोक हसले, म्हणाले, घ्या, लागले लॉन तपासायला! मी जवळ उभा होतो. काका काही तपासत नव्हते. ते रडत होते. मी त्यांच्या फेट्याचं सुटलेलं टोक उगाच नीट करत बसलो.

दोन दिवसांनी बर्फ पडला. तो हिवाळा काकांनी खिडकीत काढला. बी झोपलंय की मेलंय हे वरून कळायला मार्ग नव्हता. "झोपलं असेल ना बे?" असं ते मला विचारायचे, आणि रेवाचा फोन आला नाही की काकूंनाही तेच विचारायचे, "कामात असेल ना?"

एप्रिलच्या शेवटी काकांनी आम्हाला वर बोलावलं. ड्राइव्हवेवर आडवं व्हायला लावलं. गाल जमिनीला टेकवून मी बघितलं तर मातीवर हिरवी लव उठली होती. सगळीकडे विरळ, पण मधोमध, जिथे अंतरपाटाशी दोघं उभे होते, तिथे इतकी दाट की माती दिसत नव्हती. सगळ्यांनी नेम त्यांच्यावरच धरलेला. काका ती जागा कापायचे नाहीत. मशीन तिथून वळवून न्यायचे. शेंडे इतके वर येऊनही.

जूनमध्ये रेवा आणि जावई लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले. जावयाने गाडी रस्त्यावरच लावली. रेवा उतरली आणि लहानपणापासूनच्या सवयीने लॉनच्या कडेकडेने, वळसा घालून दाराकडे निघाली. मी बॅगा घ्यायला पुढे झालो. एवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला.

"पाय!"

रेवा जागच्या जागी थांबली. एक पाय वर धरून. तिने खिडकीकडे बघितलं.

"ठेव ना बेटा," काका म्हणाले. "ठेव. मधून ये."

तिने सँडल काढून हातात घेतल्या आणि पाय ठेवला. मग दुसरा. ती सावकाश, मधल्या त्या दाट हिरव्या तुकड्यावरून चालत दाराकडे गेली. काका खिडकीतून तिच्या पायांकडे बघत होते आणि या खेपेला तपासत नव्हते. त्या भरात बॅग उचलून मीही तिच्या मागोमाग निघालो.

"तुले नाही म्हटलं बे!" खिडकी ओरडली.